शिंपल्यातली रवी

तिसऱ्या बाजारातून आणल्या की आमच्याकडे त्या लगेच विळीखाली जात नसत. आजी त्या मोठ्या परातीत, मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवायची. "रेती टाकू देत त्यांना," म्हणायची. घर निजल्यावर स्वयंपाकघरातून कुणी बारीक चूळ टाकावी तसा आवाज येई आणि सकाळी परातीच्या तळाशी रेतीचा, गाळाचा पातळ थर बसलेला असे. मग ती एकेक तिसरी विळीवर उघडायची, मांस एका शिंपीत राखून दुसरी टाकून द्यायची. एकशिपीसाठी वाटण होईपर्यंत मी त्या उघड्या शिंपा न्याहाळत बसायचो. दुधाळ मांसाच्या कुशीत एक काळपट हिरवा ठिपका असे. ते काय, असं विचारल्यावर आजी म्हणाली होती, "पोट आहे ते तिचं. काल खाल्लेलं असतं त्यात."

पुढे प्राणिशास्त्र शिकताना त्या ठिपक्याचं नाव कळलं: पचनग्रंथी. तापत्या समुद्राविषयीच्या या लेखसंग्रहाची प्रस्तावना मी त्या ठिपक्यापासून सुरू करतो आहे, कारण पाण्याच्या उष्म्याची पहिली झळ शिंपल्यांना बहुतेक वेळा तिथेच लागते. किनाऱ्यावर रिकाम्या शिंपांचा खच पडला की त्याची बातमी होते. पण ते मरण पुष्कळदा कित्येक आठवडे, कधी कित्येक महिने आधी त्या प्राण्याच्या पोटात सुरू झालेलं असतं. ते पोट कसं चालतं हे ठाऊक असेल तर पुढचे लेख नीट उमगतील.

तिसऱ्या, मुळे, खुबे, कालवं, शिनाण्या या दोन शिंपांच्या प्राण्यांना डोकं नाही, दात नाहीत, भक्ष्यामागे धावायची सोय नाही. पाणी गाळणं हेच त्यांचं जेवण. कल्ल्यांवरचे असंख्य सूक्ष्म केस एका लयीत हलतात, पाणी आत ओढलं जातं आणि त्यातले शैवालाचे कण बुळबुळीत स्रावात अडकून तोंडाकडे सरकतात. तोंडापाशी पाकळ्यांसारखे अवयव असतात. तांदूळ निवडावेत तसं ते कण निवडतात. रेती आणि निरुपयोगी गाळ स्रावात गुंडाळून, न गिळताच बाहेर टाकला जातो. परातीच्या तळाशी साचणाऱ्या थरात पोटातून गेलेलं असतं तसं पोटात कधीच न गेलेलंही असतं. एक मोठं कालव अनुकूल पाण्यात दिवसाला शंभराहून अधिक लिटर पाणी गाळू शकतं. ज्या खाडीत कालवांचे थरच्या थर असतात तिथलं पाणी नितळ राहतं ते या कामामुळे.

निवडलेले कण जठरात पोचतात आणि तिथे प्राणिसृष्टीतली एक विलक्षण वस्तू त्यांची वाट पाहत असते. जठराला लागून असलेल्या पिशवीत काचेसारखी पारदर्शक, लवचिक दांडी असते. पिशवीच्या आतले सूक्ष्म केस ती दांडी सतत गोल फिरवत असतात. मला ती पहिल्यांदा दिसली तेव्हा ताकाच्या रवीची आठवण झाली आणि तेव्हापासून मी तिला रवीच म्हणतो. ती दोन कामं एकदम करते. तिच्या फिरण्याने अन्नकणांची बुळबुळीत दोरी, रहाटावर दोर यावा तशी, जठरात ओढली जाते. आणि दांडीचं टोक जठरातल्या एका कडक पत्र्यावर घासून झिजतं, विरघळतं, त्यातून पिष्ट पदार्थ पचवणारी विकरं बाहेर पडतात. म्हणजे ही रवी स्वतःच थोडीथोडी ताकात मिसळत जाते आणि मागच्या बाजूने नवी घडत राहते. भरती-ओहोटीच्या पट्ट्यातल्या कित्येक शिंपल्यांत ओहोटीच्या वेळी ती बारीक होते किंवा पार विरून जाते आणि पाणी परत आलं की पुन्हा उभी राहते. दिवसातून दोनदा नवं उपकरण घडवणारं पोट आहे हे.

रवीने घुसळलेलं अन्न मग त्या काळपट ठिपक्यात, पचनग्रंथीच्या बारीक नळ्यांत शिरतं. इथे शिंपल्याची तऱ्हा आपल्याहून वेगळी आहे. आपलं अन्न आतड्याच्या पोकळीत पचतं आणि मग शोषलं जातं. शिंपल्याच्या ग्रंथीतल्या पेशी अन्नकण थेट गिळतात आणि स्वतःच्या पोटात, अगदी इवल्या पिशव्यांत, पचवतात. पचनाचा शेवटचा टप्पा एकेका पेशीच्या हाती असल्यामुळे पेशी आजारी पडली की जेवण आजारी पडतं.

आता उष्म्याकडे येऊ. आपल्या अंगाचं तापमान बाहेर थंडी असो की ऊन, ३७ अंशांच्या आसपास राहतं. शिंपल्याला स्वतःचं तापमान नाही. पाणी जितकं, तितकाच तो. पाणी दहा अंशांनी तापलं की अशा प्राण्याच्या शरीराचा खर्च साधारण दुप्पट ते तिप्पट होतो. जगायला लागणारा प्राणवायू वाढतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो. समुद्राचं पाणी २० अंशांवरून ३० अंशांवर गेलं तर त्यात मावणारा प्राणवायू सुमारे सहाव्या हिश्शाने घटतो. सुरुवातीला प्राणी याची भरपाई करतो. पाणी जोरात गाळतो, रवी वेगाने फिरते, विकरं जास्त तडफेने काम करतात. थंड पाण्याच्या किनाऱ्यावर थोडीशी ऊब शिंपल्यांना मानवते, ती याच कारणाने. पण ही चढण एका ठिकाणी संपते. त्यापुढे गाळण्याचा वेग घसरतो आणि शरीराचा खर्च मात्र वाढतच जातो. ताप फारच झाला तर प्राणी शिंपा घट्ट मिटून घेतो. त्या मिटण्यात संरक्षण आहे, पण जेवण नाही आणि श्वासही नाही.

इंग्लंडमधल्या प्लिमथ इथे ब्रायन बेन, जॉन विडोज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७०च्या दशकात या व्यवहाराचा चक्क जमाखर्च मांडला. शिंपल्याने किती खाल्लं, त्यातलं अंगी किती लागलं, त्यातून श्वसनाचा आणि उत्सर्जनाचा खर्च वजा जाता वाढीसाठी शिल्लक किती उरली. शिल्लक धन असेल तर प्राणी वाढेल, अंडी घालेल. ऋण असेल तर तो स्वतःचं मांस खर्च करून जगतो आहे. दिसायला तो तसाच असतो. खडकाला चिकटलेला, शिंपा उघडझाप करणारा, बोट लावलं तर मिटणारा. या मंडळींनी पेशींचीही नाडी पाहिली. निरोगी शिंपल्याच्या रक्तपेशींना लाल रंग दिला तर पेशीतल्या इवल्या पिशव्या तो बराच वेळ धरून ठेवतात; तणावाखालच्या प्राण्यात त्या लवकर गळू लागतात. पचनग्रंथीतही तेच घडतं. पिशव्यांची आवरणं कच्ची पडतात, नळ्यांच्या भिंती पातळ होत जातात. हे सगळं शिंपला जिवंत असताना दिसतं, आणि या विद्येचं मोल माझ्या लेखी त्यातच आहे.

या गोष्टीचा सर्वांत दुःखद आणि सर्वांत नीट अभ्यासलेला दाखला कॅलिफोर्नियाचा आहे. तिथल्या किनाऱ्यावर अबालोनी नावाच्या सागरी गोगलगाई राहतात. त्यांना एकच शिंप असते, कानाच्या आकाराची, कडेने भोकांची रांग असलेली आणि आतून मोरपिशी चमकणारी. खाली रुंद, मांसल पाय. त्या पायाने ती खडकाला अशी धरते की हत्याराशिवाय सुटत नाही. केल्प नावाचं उंचच उंच सागरी शैवाल हे तिचं अन्न. किनाऱ्याजवळच्या चॅनल बेटांवर पूर्वी राहणारे चुमाश लोक हजारो वर्षं अबालोनी खात आले, तिच्या शिंपांचे दागिने करत आले. १८५०च्या दशकात तिथे आलेल्या चिनी स्थलांतरितांनी काळ्या अबालोनींचा व्यापार सुरू केला.

१९८२-८३ सालच्या प्रबळ एल निनोने हा किनारा तापवला. केल्प थंड, पोषक पाण्यात फोफावतं. त्या उबदार आणि निकस पाण्यात त्याची रया गेली. १९८५च्या सुमारास चॅनल बेटांपैकी सांताक्रूझ बेटावर मच्छीमारांना विचित्र दृश्य दिसू लागलं. काळ्या अबालोनी सुकत चालल्या होत्या. शिंप तेवढीच, पण आतला पाय आक्रसून चिंचोक्यासारखा झालेला, आणि पकड इतकी ढिली की हाताने उचलली तरी निघावी. लोकांनी या रोगाला सुकण्याचंच नाव दिलं. पहिला संशय साहजिकच उपासमारीवर गेला: केल्प नाही म्हणून अबालोनी उपाशी. पण केल्प परतलं तरी अबालोनी सुकतच राहिल्या. अन्न समोर होतं आणि त्या भुकेने मरत होत्या.

कोडं सुटायला दहाएक वर्षं लागली. १९९५मध्ये शास्त्रज्ञांनी रोगट प्राण्यांच्या अन्नमार्गात पेशींच्या आत राहणारा एक जिवाणू दाखवून दिला, आणि २०००मध्ये कॅरोलिन फ्रीडमन आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन करून त्याला नाव दिलं. तो अन्ननलिकेच्या मागच्या भागातल्या आणि पचनग्रंथीतल्या पेशींत घर करतो. रोग बळावला की विकरं तयार करणाऱ्या आणि अन्न शोषणाऱ्या पेशी झडतात किंवा आपलं काम विसरून नुसत्या नळीच्या अस्तरासारख्या होऊन जातात. मग अबालोनी आधी साठवलेली शर्करा संपवते आणि नंतर पायाचे स्नायू. जो पाय तिला खडकावर धरून ठेवतो तोच ती खाऊन टाकते.

इथे उष्म्याची खरी भूमिका दिसते. हा जिवाणू थंड पाण्यातल्या पुष्कळ अबालोनींच्या पोटातही असतो आणि त्या धडधाकट जगतात. लाल अबालोनींवरच्या प्रयोगांत साधारण १५ अंशांच्या पाण्यात जिवाणू असूनही रोग फारसा उमटला नाही; १८ अंशांच्या वर नेल्यावर त्याच जातीच्या प्राण्यांत तो फोफावला. तीन-चार अंशांचा फरक! आपल्याकडे सकाळच्या आणि दुपारच्या सावलीत याहून जास्त असतो. कॅलिफोर्नियातल्या डायब्लो कॅन्यन अणुवीजकेंद्राचं कोमट पाणी ज्या छोट्या खाडीत सोडलं जाई तिथल्या काळ्या अबालोनी १९८८पासून झपाट्याने मेल्या, आणि त्या वेळी आसपासचा थंड किनारा अजून शाबूत होता. निसर्गाने आणि माणसाने मिळून मांडलेला तो प्रयोगच होता म्हणा.

दक्षिण कॅलिफोर्नियातल्या अनेक ठिकाणी काळ्या अबालोनींची संख्या ९० टक्क्यांहून अधिक, काही जागी ९९ टक्क्यांपर्यंत घटली. त्यांची मासेमारी १९९३मध्ये बंद झाली, १९९७मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेला सर्वच अबालोनींचा धंदा थांबला आणि २००९मध्ये काळी अबालोनी अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेली. या अंधारात एक गोष्ट मला फार दिलासा देते. त्या जिवाणूलाच ग्रासणारा एक विषाणू पुढे सापडला. हा विषाणू असलेला जिवाणू पोटात असेल तर रोगाचा जोर कमी पडतो. सॅन निकोलस बेटावर काळ्या अबालोनी हळूहळू वाढतानाही दिसल्या आहेत.

पण उत्तरेकडची कहाणी अजून सांगायची आहे. उत्तर कॅलिफोर्नियाचं थंड पाणी म्हणजे लाल अबालोनींचा भरवशाचा आसरा. २०१३पासून तिथल्या तारामाशांवर झिजण्याची साथ आली. त्यात समुद्री साळिंदर खाणारा सूर्यफुलासारखा मोठा तारामासा जवळजवळ नाहीसा झाला. पाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात प्रशांत महासागरात उष्णतेची प्रदीर्घ लाट आली. केल्पची वनं ९० टक्क्यांहून जास्त नष्ट झाली आणि उरलंसुरलं बेसुमार वाढलेल्या जांभळ्या साळिंदरांनी फस्त केलं. लाल अबालोनी खडकांवर अन्नाविना झिजत गेल्या आणि हौशी पाणबुड्यांसाठी खुली असलेली तिथली मासेमारी २०१८पासून बंद करावी लागली. दक्षिणेत अन्न होतं पण पचत नव्हतं; उत्तरेत पोट शाबूत होतं पण अन्न नव्हतं. दोन्ही वाटांचं उगमस्थान तापलेलं पाणीच.

भूमध्य समुद्रातही असंच घडलं. तिथे पंख्यासारखा उभा राहणारा, मीटरभराहूनही उंच वाढणारा शिंपला आहे. त्याच्या चिवट तंतूंपासून पूर्वी सोनेरी समुद्री रेशीम विणत. २०१६च्या शरदात स्पेनच्या किनाऱ्यावर हे शिंपले मरू लागले आणि तीन वर्षांत साथ समुद्रभर पसरली. कारण एक सूक्ष्म परजीवी, आणि त्याचं मुख्य ठाणं पुन्हा पचनग्रंथीच! पाणी उबदार होतं तसा तोही जोर धरतो. २०१९मध्ये हा शिंपला नामशेष होण्याच्या अगदी उंबरठ्यावरचा म्हणून नोंदला गेला. आता तो मुख्यतः काही खाजणांत उरला आहे, जिथली क्षारता खुल्या समुद्राहून वेगळी आहे.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या कालवांचा परजीवी तर अन्नाबरोबरच आत जातो. रक्तपेशी त्याला गिळतात, पण पचवू शकत नाहीत, आणि तो त्यांच्या आतच वाढतो. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला, हिवाळे उबदार होत असताना, तो केप कॉडच्या दिशेने उत्तरेकडे सरकला. फ्रान्समध्ये २००८पासून कालवांच्या पिल्लांना मारणारा नागिणीच्या कुळातला विषाणू पाणी १६ अंशांच्या वर गेलं की उठतो. आणि शिंपल्याच्या पोटातला बदल आपल्या पोटापर्यंत येतो तो असा: २००४च्या जुलैत अलास्कात कालवं कच्ची खाल्लेल्या प्रवाशांना जुलाबांची साथ लागली. तिला कारण ठरलेला जिवाणू उबदार पाण्यातला. इतक्या उत्तरेच्या कालवांत तो कधी भेटला नव्हता. त्या उन्हाळ्यात तिथलं पाणी १५ अंशांच्या वर गेलं होतं.

थेट उष्म्याने होणारं मरणही आहेच, त्याकडे डोळेझाक नको. जून २०२१च्या शेवटी कॅनडाच्या पश्चिम भागात लिटन गावी पारा ४९.६ अंशांवर गेला. त्या दिवसांत ब्रिटिश कोलंबियाच्या किनाऱ्यावरचे शिंपले खडकावर अक्षरशः शिजले. तिथल्या विद्यापीठातले ख्रिस हार्ली यांचा अंदाज, किनाऱ्यावरचे शंभर कोटींहून अधिक जीव गेले. यात हवेच्या उष्म्याइतकाच ओहोटीच्या वेळेचा हात होता. त्या भागात उन्हाळ्यातली मोठी ओहोटी भरदुपारी येते.

आपल्या कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास भरती, म्हणजे उधाणाची मोठी ओहोटी सकाळी आणि संध्याकाळी. अष्टमीच्या आसपास ओहोटी दुपारी येते, पण ती भांगाची; पाणी फार मागे हटत नाही. वैशाखातल्या भरदुपारी आपली खालच्या कातळावरची कालवं पाण्याखाली राहतात, ती चंद्राच्या या हिशेबामुळे. हे मोठं संरक्षण आहे. पण ते हवेपासूनचं आहे. पाणीच तापलं तर तिथी मदतीला येत नाही. उष्ण कटिबंधातले प्राणी मुळातच आपल्या सोसण्याच्या वरच्या मर्यादेजवळ राहतात. त्यांच्यापाशी हातचा राखलेला वाव थोडाच असतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं आहे की १९५० ते २०२० या काळात हिंदी महासागराचा पृष्ठभाग सुमारे १.२ अंशाने तापला. त्यांच्याच २०१६च्या अभ्यासानुसार पश्चिम हिंदी महासागरातलं सूक्ष्म शैवाल सहा दशकांत २० टक्क्यांपर्यंत घटलं. पृष्ठभाग तापला की तो खालच्या थंड, पोषक पाण्यात मिसळेनासा होतो आणि शैवालाला खत मिळत नाही. शिंपल्याच्या भाषेत सांगायचं तर खर्च वाढतो आहे आणि ताटातलं कमी होतं आहे.

ज्या बाया ओहोटीला गुडघाभर पाण्यात वाकून तिसऱ्या-मुळे वेचतात, कातळावरची कालवं फोडतात, त्यांच्या घरचा रोजचा खर्च या जमाखर्चावर उभा आहे. सिंधुदुर्गात बचतगटांच्या महिलांनी शिनाण्या आणि कालवं दोरांवर, तराफ्यांवर वाढवून पाहिली आहेत. त्यांच्यासाठी हा विषय प्रयोगशाळेतला नाही.

आजी बाजारात तिसऱ्या घेताना एक फोडून बघायची आणि "भरलेल्या आहेत" किंवा "पोकळ आहेत" असं म्हणून मोकळी व्हायची. शिंप मोठी पण मांस शिंपीच्या कडेपर्यंत पोचत नसेल तर ती पोकळ. पुढे शिकताना कळलं की शास्त्रज्ञही हेच करतात: मांसाचं वजन भागिले शिंपेचं वजन, आणि त्या आकड्यावरून प्राण्याची प्रकृती. गेली तीन वर्षं मी दर महिन्याला बाजारातून पन्नास तिसऱ्या आणतो, रात्रभर परातीत ठेवतो, सकाळी विळीवर उघडतो आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर मांस वेगळं, शिंपा वेगळ्या तोलून वहीत तिथीसकट लिहून ठेवतो. काळपट ठिपका गडद आहे की फिकट, फुगीर आहे की बसलेला, त्यासाठी वहीच्या उजव्या बाजूला एक रकाना आखला आहे.